कऱ्हेच्या खोऱ्यातून पायी: वडकी ते जेजुरी, पाच दिवस

पुण्याहून सासवडला जाणारी बहुतेक माणसं दिवे घाटाच्या माथ्यावर पाच मिनिटं थांबतात, खालचा मस्तानी तलाव बघतात आणि गाडीत बसून थेट जेजुरी किंवा पुरंदर गाठतात. मधला मुलूख काचेतूनच निघून जातो. पण हडपसरपासून तासाभरावर असलेला हा मुलूख आरामात पायी फिरण्यासाठी फार चांगला आहे. उत्तरेला भुलेश्वराची डोंगररांग, दक्षिणेला पुरंदरची आणि मधोमध कऱ्हा नदी. उत्तरेच्या रांगेपलीकडचं पाणी मुळा-मुठेला मिळतं, अलीकडचं कऱ्हेला. हा पट्टा पर्जन्यछायेचा, त्यामुळे राजगड-तोरण्याकडची दाट झाडी आणि छातीवरचे चढ इथे नाहीत. माळ, बांध, अंजिराच्या बागा, ओढे आणि दोन-तीन तासांवर एखादं गाव. चढ अधूनमधून आहेत, पण खऱ्या कष्टाचा दिवस एकच.

ऋतू नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. पावसाळ्यात माळ हिरवे होतात आणि दिसतातही सुंदर, पण खोऱ्यातली काळी माती बुटाला किलो-किलोनं चिकटते आणि दहा किलोमीटरची चाल वीसची वाटायला लागते. मार्चनंतर दुपारी अकराच्या पुढे सावली शोधण्यातच वेळ जातो. आषाढातली वारी हा स्वतंत्र अनुभव आहे. तेव्हा हे वेळापत्रक चालत नाही.

माणशी पाणी तीन लिटर, फेब्रुवारीत चार. गावात हातपंप किंवा ग्रामपंचायतीचा नळ मिळतो, तिथेच भरून घ्यावं. शेतातल्या वॉल्व्हमधून वाहणारं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी पिऊ नये. पुरंदर उपसा योजनेचं पाणी मुळा-मुठेतून, म्हणजे पुण्याच्या खालून, उचललेलं असतं. ते पिकाला चालतं, पोटाला नाही. शेततळ्यांपासूनही लांब राहायचं. त्यांना प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं आणि पाय घसरून आत गेलेल्या माणसाला, पोहता येत असलं तरी, काठ चढता येत नाही. तोंड धुवायलासुद्धा तिथे उतरू नये.

बूट घोट्यापर्यंतचे आणि पँट सुती, जाड, पायघोळ हवी. दिवाळीनंतर माळावरचं गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत शिरतात. एकदा शिरलेलं कुसळ चालताना आत-आतच जातं, म्हणून लोकरी मोजे टाळावेत आणि बुटाच्या तोंडावर कापडी पट्टा बांधावा. काठी प्रत्येकाजवळ असावी. ती कशासाठी, हे दुसऱ्या दिवसात येईल.

मुक्काम पहिल्या तीन रात्री सासवडला आणि चौथा जेजुरीला. सासवडला लॉज आहेत, त्यामुळे मोठी पिशवी खोलीवर ठेवून तीन दिवस हलक्या पाठीनं चालता येतं. त्यासाठी सोय अशी करावी की आदल्या संध्याकाळीच बसने सासवडला जाऊन सामान टाकायचं आणि पहिल्या दिवशी पहाटे मागे वडकीला यायचं. रेल्वेनं यायचा विचार असेल तर एक खबरदारी हवी: 'सासवड रोड' नावाचं स्थानक सासवडला नाही. ते फुरसुंगीच्या बाजूला, घाटाच्या खाली आहे. नावावर भरवसा ठेवून तिथे उतरलेल्याला पुन्हा रस्त्यावर येऊन बसच पकडावी लागते.

पहिला दिवस: वडकी, कानिफनाथ, बोपगाव, सासवड

सकाळी साडेसहाला वडकीत उतरावं. दिवे घाट पायी चढायचा मोह आवरायचा. वारीच्या दिवशी तो वारकऱ्यांचा असतो, एरवी वाहनांचा, आणि वळणांवर पायी माणसाला उभं राहायलाही जागा नसते. आधी मस्तानी तलावाकडे जाऊन यावं. हा पेशवेकालीन तलाव घाटाच्या कुशीत बांधलेला आहे. घाटातून तो नुसता हिरवा तुकडा दिसतो. काठावर उभं राहिल्यावर दगडी बांधकामाची जाडी आणि डोंगरावरून उतरणारे ओढे अडवण्यासाठी निवडलेली जागा, दोन्ही कळतात. आजचा दिवस नदीच्या संगमावर संपतो, म्हणून सुरुवातही पाण्यापासून करावी.

वडकीतून कानिफनाथाच्या डोंगरावर जाणारी वाट गावात कोणालाही विचारली तरी सांगतात. चढाला दीड ते दोन तास लागतात. हा डोंगराचा उत्तरेकडचा उतार, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी नऊपर्यंत अंगावर ऊन येत नाही. हीच वाट दुपारी किंवा उलट्या दिशेनं करणारे लोक उगाच दमतात. वाटेत मोठं झाड नाही आणि पाणी तर नाहीच. वरच्या टप्प्यात मुरूम सुटा आहे. तिथे पाऊल आडवं टाकायचं, टाच रोवायची नाही. गुरांच्या वाटा मुख्य वाटेला बऱ्याच ठिकाणी फुटतात. ओळखायची खूण सोपी आहे: गुरांची वाट डोंगराला आडवी, एका पातळीत जाते, तर माणसांची वर चढत राहते. पंधरा मिनिटं चालूनही उंची वाढली नाही, तर वाट चुकलेली आहे.

माथ्यावरचं कानिफनाथांचं देऊळ नवनाथ संप्रदायातलं. आतल्या गाभाऱ्यात लहानशा चौकटीतून पोटावर सरपटत जावं लागतं. अंगानं मोठी माणसंही त्यातून जातात, पण एक खांदा आधी घालून, श्वास सोडून. ज्यांना बंद जागेत घाबरायला होतं त्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा, कारण आत अर्ध्यावर थांबलं की मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. देवळाच्या अंगणातून पहिल्यांदा दोन्ही बाजू एकदम दिसतात: उत्तरेला पुण्याच्या इमारतींची रेघ आणि दक्षिणेला कऱ्हेचं पठार, त्याच्या टोकाला पुरंदर आणि वज्रगड. पुढच्या चार दिवसांचा सगळा मुलूख समोर मांडलेला असतो. इथे नकाशा उघडून अर्धा तास बसावं. पुढे खोऱ्यात उतरल्यावर असं दर्शन पुन्हा फक्त मल्हारगडावरून होतं.

दक्षिणेकडे पायऱ्यांनी आणि मग रस्त्यानं बोपगावात उतरायचं. तिथून सासवड सुमारे दहा किलोमीटर. मुख्य रस्ता बोपदेव घाटातून येतो आणि शनिवार-रविवारी त्यावर गाड्या जोरात असतात, म्हणून जमेल तिथे शेतरस्ता धरावा. दिशा चांबळी गावाची ठेवायची. या बाजूचे ओढे चांबळी नदीला मिळतात आणि ती सासवडला जाऊन कऱ्हेत पडते. नदी उजवीकडे की डावीकडे, एवढं लक्षात ठेवलं तर रस्ता विचारावा लागत नाही.

बागांमधून जाताना बांधावरूनच चालावं. वाफ्यात पाय टाकू नये आणि ठिबकच्या नळ्यांवर तर मुळीच नाही, कारण फुटलेली नळी शेतकऱ्याला दोन दिवसांनी, झाडं कोमेजल्यावरच कळते. रानडुकरांसाठी काही बागांभोवती झटका मशीनची तार ओढलेली असते. बारीक तार, जमिनीपासून फूट-दोन फुटांवर, प्लॅस्टिकच्या किंवा चिनी मातीच्या बुचांवरून गेलेली दिसली की समजावं. झटका जीवघेणा नसतो, पण ओल्या हातानं धरली तर माणूस बसतो. तारेखालून सरपटू नये, फाटकातूनच जावं आणि फाटक जसं होतं तसं लावावं.

दिवस संपतो तो संगमेश्वरापाशी. चांबळी आणि कऱ्हा जिथे मिळतात तिथे उंच दगडी घाटावर हे देऊळ आहे. पश्चिमेचं ऊन दगडावर पडतं तेव्हा पोहोचलं तर थकवा आपोआप उतरतो. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून बोपगाव दुपारी एकपर्यंत सोडावं.

दुसरा दिवस: सासवड, सोनोरी, मल्हारगड, झेंडेवाडी

सकाळचा एक तास गावासाठी. सोपानदेवांची समाधी इथे आहे. ज्ञानेश्वरांच्या या धाकट्या भावाची पालखी आषाढात इथूनच पंढरपूरला निघते आणि माउलींची पालखी घाट चढून आल्यावर सासवडला दोन रात्री विसावते. पुरंदऱ्यांचा वाडा बाहेरून तरी बघावा. दरवाजा आणि बुरूज पाहिले की वाडा नसून लहानसा किल्लाच वाटतो. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० साली सासवडलाच गेले. पेशवाईच्या पहिल्या पिढीचं घर पुणं नव्हतं, ते सासवड होतं, हे शनिवारवाडा पाहून आलेल्याला इथे ठळकपणे जाणवतं.

आठला सोनोरीकडे निघावं. अंतर सहा किलोमीटर, वाट जवळजवळ सपाट. दोन्ही बाजूंना अंजीर आणि सीताफळ. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. झाडावरचं अंजीर तोडू नये. चीक लागला की बोटांना आणि ओठांना खाज सुटते आणि ते चोरीही ठरते. रस्त्याकडेला विकायला बसलेल्यांकडून घ्यावं, पण पिकलेलं अंजीर पिशवीत तासभरही टिकत नाही, म्हणून तिथेच खाऊन संपवावं. सीताफळाचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत. नोव्हेंबरात आलात तर शेवटची फळं मिळतात.

सोनोरी हे पानशांचं गाव. पेशव्यांचा तोफखाना या घराण्याकडे होता आणि मल्हारगडही त्यांनीच बांधला, १७५७ ते १७६० या काळात. महाराष्ट्रातला सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला म्हणून तो ओळखला जातो. गावात पानशांची गढी आहे, तीही बघून घ्यावी.

पायथ्यापासून माथा पाऊण तासाचा. शिवकाळातले गड पाहिलेल्यांना मल्हारगड फार लहान वाटतो, आणि तो लहानच आहे: पाच एकरांच्या आसपास. पण एका दृष्टीत सगळा किल्ला समजावा अशी जागा दुसरी नाही. बाहेरचा तट त्रिकोणी, आतला बालेकिल्ला चौकोनी, त्यात महादेव आणि खंडोबाची दोन देवळं शेजारी-शेजारी. तटाच्या आतून एक फेरी मारायला चाळीस मिनिटं पुरतात. विहिरी आहेत, पण त्यांच्या पाण्यावर अवलंबून राहू नये. सोनोरीतून निघताना दोन लिटर तरी पाठीवर हवं. बुरुजावर किंवा कड्याच्या पोटात आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरावं. अत्तर, सुगंधी तेल आणि शेकोटी या तीन गोष्टी इथे वर्ज्य. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नये. डोकं-तोंड कापडात गुंडाळून पळावं, आणि खाली बसू नये.

माळावर या बाजूला धनगरांचे वाडे असतात, आणि काठीची गरज इथे पडते, पण मारायला नाही. मेंढ्यांची कुत्री कळपाची राखण करतात. अनोळखी माणूस कळपाच्या दिशेनं आला की ती धावून येतात. पळालं तर पाठलाग करतात. म्हणून जागीच उभं राहायचं, काठी जमिनीला टेकवून धरायची, कुत्र्याच्या डोळ्यांत न बघता मेंढपाळाला हाक मारायची, आणि कळपाला मोठा वळसा घालून जायचं. दहा वेळा कुत्रं येतं, दहाही वेळा हाकेनं परततं.

उतरताना त्याच वाटेनं परतू नये. दुसऱ्या अंगाला चोरदरवाजा आहे, त्यातून झेंडेवाडीकडे वाट जाते. तास-सव्वा तासाचा उतार. सुरुवातीची वीस मिनिटं पायाखाली फुटाणे पसरल्यासारखा मुरूम असतो. घसरणं जवळपास सगळ्यांचंच होतं. गुडघे वाकवून, लहान पावलं टाकत, एकमेकांत चार हात अंतर ठेवून उतरावं, म्हणजे एकाच्या पायानं सुटलेला दगड दुसऱ्याला लागत नाही. खाली पुणे-सासवड रस्ता लागतो, तिथून बस.

या दिवशी माळावर पक्षी भरपूर. चंडोल उडता-उडता गातात, आणि हिवाळ्यात भोवत्या ससाणे गवताच्या अगदी वरून, पंख उंच धरून फिरतात. लांडगाही या माळांवर आहे. तो दिसणं नशिबाचं, आणि दिसला तर तो आपल्यापासून दूरच जातो.

तिसरा दिवस: नारायणपूर आणि पुरंदर

पाच दिवसांतला हा एकच कष्टाचा दिवस, म्हणून नारायणपूरपर्यंतचे नऊ-दहा किलोमीटर पहाटेच्या बसने किंवा वडापनं संपवावेत. गुरुवार आणि पौर्णिमा टाळावी, त्या दिवशी दत्ताच्या दर्शनाला प्रचंड गर्दी असते. जवळच नारायणेश्वराचं यादवकालीन देऊळ आहे. लोक दत्तमंदिरातून परस्पर निघून जातात आणि याच्याकडे पाठ फिरते. दगडी दाराच्या चौकटीवरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उजेडात फार चांगलं दिसतं.

पुरंदरवर लष्कराचा ताबा आहे. मूळ ओळखपत्र जवळ हवंच, मोबाइलमधला फोटो चालेल अशा भ्रमात राहू नये. प्रवेश साधारण नऊला सुरू होतो आणि पाचच्या आत खाली यावं लागतं. पायवाटेनं गेलं तरी चौकीवर नोंद करूनच पुढे जायचं. छायाचित्रं कुठे काढायची नाहीत ते तिथले जवान सांगतात, ते ऐकावं. वज्रगडावर सहसा सोडत नाहीत, म्हणून तो बेतात धरू नये.

नारायणपूरहून साडेसातला निघालं तर दीड-दोन तासांत बिनी दरवाजा येतो. दरवाजाच्या आत माची. इथे मुरारबाजींचा पुतळा आहे, आणि इथून वज्रगडाकडे बघितलं की १६६५ चा वेढा पुस्तकाशिवाय समजतो. वज्रगडाचा माथा माचीवर नजर ठेवून आहे. म्हणून दिलेरखानानं आधी वज्रगड घेतला आणि मगच माचीला भिडला. मुरारबाजी पडले, आणि त्याच वर्षी ११ जूनला शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांच्यात तह झाला. त्यात तेवीस किल्ले गेले. याच गडावर १४ मे १६५७ ला संभाजीराजांचा जन्म झाला होता.

माचीवरून बालेकिल्ल्याच्या केदारेश्वरापर्यंत आणखी तासभर. शेवटच्या पायऱ्यांवर वारा जोराचा असतो. टोपीला दोरी नसेल तर ती खिशात घालावी. माथा सुमारे साडेचार हजार फुटांचा, या फेरीतला सर्वांत उंच. गुडघे दुखत असतील तर माचीवरूनच परत फिरण्यात काही कमी नाही, मुख्य गोष्टी तिथेच आहेत. उतरल्यावर नारायणपुरात पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा मिळतो.

चौथा दिवस: सासवड ते जेजुरी

आज सगळं सामान पाठीवर. रस्त्यानं अंतर सतरा किलोमीटर, आडवाटांनी वीसच्या आसपास. हा माउलींच्या पालखीचा टप्पा: बोरावके मळा, यमाई शिवरी, साकुर्डे, जेजुरी. वारकरी हा एका दिवसात करतात, त्यांचा क्रम आपणही पाळावा, कारण विसाव्याच्या जागा पाणी आणि सावली बघूनच ठरलेल्या आहेत. शिवरीला यमाईचं देऊळ आहे, दुपारची शिदोरी तिथे सोडावी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, लिंबू एवढं सकाळी सासवडहून बांधून घ्यावं. दही-ताक नेऊ नये, ते उन्हात उतरतं.

पालखीमार्ग आता रुंद महामार्ग झाला आहे आणि कडेनं चालण्यात सुख नाही. जिथे समांतर गाडीवाट आहे तिथे ती धरावी. जिथे नाही तिथे उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं, एकामागे एक चालावं. दिशा आग्नेयेची असल्यानं सकाळी ऊन तोंडावर आणि डाव्या गालावर येतं. साडेसहाला निघालं तर पहिले दोन तास गार जातात. सासवडच्या पूर्वेकडून, वनपुरी-उदाचीवाडी-खानवडीच्या बाजूनं, जायची कल्पना चांगली आहे. खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. पण त्या गावांच्या जमिनी प्रस्तावित विमानतळाच्या आराखड्यात आल्या आहेत. तिकडच्या वाटा जुन्या नकाशावरून ठरवू नयेत, गावात विचारूनच जावं.

वाटेत डावीकडे बेलसरची दिशा लागते. १६४८ मध्ये आदिलशाही सरदार फत्तेखानाचा तळ तिथे पडला होता आणि पुरंदरावरून निघालेल्या शिवाजी महाराजांच्या तुकड्यांनी त्याच्यावर हल्ला केला. काल पुरंदरच्या माचीवरून हेच शिवार दिसत होतं. पायी चालल्यावर त्या घोडदौडीचं अंतर पायांना कळतं.

साकुर्ड्यानंतर जेजुरीचा डोंगर दिसायला लागतो आणि जवळ वाटतो. इथेच चूक होते: लोक पाणी संपवून टाकतात. अजून तास-सव्वा तास चाल बाकी असते. शेवटचा अर्धा लिटर इथून पुढेच प्यायचा.

पाचवा दिवस: जेजुरी गड आणि कडेपठार

गडावर पहाटे जावं. पायऱ्यांवर भंडारा सांडलेला असतो. दव पडलं की हळद निसरडी होते, आणि पायऱ्या लाखो पावलांनी आधीच गुळगुळीत झालेल्या आहेत. कडेनं, हात टेकवत चढावं. पांढरे कपडे घालू नयेत, डाग जात नाहीत. कॅमेरा पिशवीतच ठेवावा, भंडारा उधळला की बारीक पूड भिंगाच्या कडेत शिरते.

बहुतेक लोक गडावरून माघारी फिरतात. पण खंडोबाचं जुनं ठाणं वर, कडेपठारावर आहे. गडावरून तिकडे डोंगराच्या धारेनं वाट जाते. रमतगमत दीड तास. वाटेत पाण्याची खात्री नाही, म्हणून गडावरून लिटरभर भरून न्यावं. वानरांना खाऊ दाखवू नये. कडेपठाराच्या अंगणातून मागे वळून पाहिलं की कऱ्हा दिसते, नाझरे धरणाच्या मल्हारसागरात पसरलेली. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी याच नदीवर स्नानाला जाते. त्या दिवशी आणि चंपाषष्ठीच्या आसपास जेजुरीत खोली मिळत नाही, तारखा आधी बघून घ्याव्यात.

उतरताना पायऱ्यांनी थेट खाली यावं आणि वेळ असेल तर गावातला होळकर तलाव बघावा. परतीला दोन पर्याय: स्वारगेटच्या एसट्या दिवसभर मिळतात, आणि जेजुरी स्थानक पुणे-मिरज मार्गावर आहे. गाड्या मोजक्याच थांबतात, म्हणून वेळ आदल्या दिवशी बघावी. स्थानक डोंगराच्या पायथ्यापासून चालत जाण्याजोगं आहे, पण चार दिवसांच्या पायांनी आणि पाठीवरच्या ओझ्यानं अर्धा तास हाताशी ठेवून निघावं.